ट्रॅकवरही जाणाऱ्या स्पोर्ट्स कारसाठी ब्रेक डिस्क कोणती घ्यावी? साधी, भोकांची, चरांची की दोन तुकड्यांची?

वळणवाट

गाडी दोन आसनी, मागच्या चाकांना ड्राइव्ह, चालक आणि अर्धी टाकी धरून १५०० किलो. पुढे ३३० × २८ मिमी (व्यास × जाडी) एकसंध व्हेंटिलेटेड डिस्क (दोन भिंतींमधून हवा खेळणारी), चार पिस्टनचे फिक्स्ड कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग), १८ इंची चाकं. वापर रोजचा, शिवाय ट्रॅकवर वीस-वीस मिनिटांची सत्रं. सर्वात मोठं ब्रेकिंग २०० वरून ८० किमी/तासापर्यंत.

पुढच्या डिस्क किमान जाडीला आल्या आहेत, म्हणजे बदलायच्याच आहेत. समोर चार पर्याय आहेत: कंपनीसारखी साधी डिस्क, त्याच मापाची भोकं असलेली, त्याच मापाची चर असलेली, किंवा ॲल्युमिनियमच्या टोपीची (हबवर बसणारा मधला भाग) दोन तुकड्यांची डिस्क. सत्राच्या शेवटी शेवटी पेडल लांब जातं. तेही याच बदलात सुटावं अशी अपेक्षा आहे. निवड कशावरून करायची?

---

बीडकाम

आधी वजन बघा, मग पृष्ठभागावरची नक्षी. डिस्कची कामं दोन. ब्रेक लावल्यावर उष्णता पोटात घ्यायची आणि पुढच्या वळणापर्यंत ती हवेत सोडायची. भोकं आणि चर यांतल्या कुठल्याच कामात फारशी भर घालत नाहीत.

तुमचेच आकडे घेऊ. १५०० किलोची गाडी २०० वरून ८० वर आणताना साधारण १.९४ मेगाज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. त्यातली ७० टक्के पुढे धरली तर एका पुढच्या डिस्कच्या वाट्याला ०.६८ मेगाज्यूल. त्या मापाची एकसंध डिस्क साडेनऊ किलोची असली, तरी दोनेक किलो टोपीत अडकलेले असतात आणि त्या तीन-चार सेकंदांत टोपीपर्यंत उष्णता पोचत नाही. खरं काम करते ती साडेसात किलोची रिंग. बिडाची विशिष्ट उष्णता सुमारे ४८० ज्यूल प्रतिकिलो प्रतिअंश, म्हणजे एका ब्रेकिंगला रिंगचं तापमान साधारण १९० अंशांनी चढतं. तीच रिंग ९ किलोची असती तर १५८ अंशांनी. थोडी उष्णता पॅडमध्ये आणि हवेत जाते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे जरा कमी येतील, पण फरकाचं प्रमाण तेच राहतं.

आता झिजेचं बघा. २८ ची डिस्क २६ वर आली की घासपट्टीतून सहाशेक ग्रॅम बीड गेलेलं असतं. म्हणजे तुमची आत्ताची डिस्क नव्यापेक्षा प्रत्येक ब्रेकिंगला पंधरा-वीस अंश जास्त तापते आहे. नुसती नवी डिस्क टाकली तरी फरक दिसेल.

मालही विचारून घ्या. हाय-कार्बन बीड मागा, कार्बन साधारण ३.६ ते ३.९ टक्के. त्यात ग्राफाइटच्या पापुद्र्या जास्त असतात, उष्णता लवकर पसरते आणि थरथर, किंचाळणं कमी होतं. ताकद साध्या बिडापेक्षा थोडी कमी असते, पण डिस्कच्या बाबतीत हा सौदा फायद्याचा आहे.

---

तांबडी_रेघ

पेडल लांब जाण्याबद्दल. डिस्क निवडण्याआधी हे वेगळं काढा, नाहीतर पैसे एकीकडे आणि दोष दुसरीकडे असं होईल.

पेडल मऊ होऊन खाली जातं, दोनदा मारलं की वर येतं: ब्रेक ऑइल उकळलं आहे. कॅलिपरमध्ये वाफेचे बुडबुडे झाले आहेत.
पेडल घट्ट आणि जागेवर, पण जोर लावूनही गाडी थांबत नाही: पॅड त्याच्या तापमानाच्या वर गेला आहे.
थंड असतानाही पेडल लांब, तेही वळणानंतरच्या पहिल्या दाबाला: बेअरिंगचा प्ले (ढिलेपणा) किंवा डिस्कचा रनआउट (फिरताना होणारी डगमग) पिस्टन मागे ढकलतो आहे.

तुमचं वर्णन पहिल्या प्रकाराचं वाटतं. डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश असतो. ओलावा शोषला की मानकाप्रमाणे तो १५५ पर्यंत उतरलेला चालतो. डॉट ५.१ ला हेच आकडे २६० आणि १८०. ट्रॅकसाठीची ऑइलं कोरडी असताना ३०० च्या वर जातात, पण ओलावाही लवकर खेचतात, म्हणून वर्षभर तीच ठेवायची नाहीत. आधी ऑइल बदलून चारही चाकांवर एअर काढा आणि पॅड किती उरलाय ते बघा. अर्ध्याखाली गेलेला पॅड पिस्टनकडे जास्त उष्णता सोडतो, कारण मधलं अंतरच कमी झालेलं असतं.

---

चाकाआड

भोकांच्या डिस्कला इतकं नाकारायचं कारण समजत नाही. कितीतरी वेगवान गाड्या कारखान्यातूनच भोकांच्या डिस्क घेऊन येतात. पावसात पहिल्या दाबाला पकड लवकर येते, पाण्याचा पातळ थर भोकांतून निघून जातो. पॅडमधून निघणारा वायूही बाहेर पडतो. वजनही कमी.

---

बीडकाम

चाकाआड, पावसाचा मुद्दा बरोबर आहे, ओल्या रस्त्यावर पहिली पकड खरंच सुधारते. बाकीचे दोन तपासून घेऊ.

वायूचं कारण जुन्या पॅडच्या काळातलं. तेव्हाच्या पॅडमधलं बंधक रसायन तापलं की भरपूर वायू सोडायचं. आजचा चांगला पॅड पहिल्या बेडिंगमध्ये (नवा पॅड डिस्कवर नीट बसवण्यासाठीचं ब्रेकिंग) थोडा वायू सोडतो आणि त्यानंतर जवळजवळ नाहीच.

वजन कमी होतं हे दोन्ही बाजूंनी फुगवून सांगितलं जातं. ६ मिमीची ६० भोकं, दोन्ही भिंती ८ मिमीच्या: सगळं मिळून जेमतेम २०० ग्रॅम बीड जातं. वजन वाचलं म्हणावं असं त्यात काही नाही आणि उष्णता साठवण्याची क्षमता फार घटली असंही नाही.

खरा दोष भेगांचा. प्रत्येक भोकाच्या काठावर ताण एकवटतो. ट्रॅकवर डिस्क दर फेरीला शेकडो अंश चढते-उतरते. पृष्ठभाग फुगायला बघतो, आतलं थंड बीड त्याला अडवतं, थंड होताना उलटं घडतं. असं झालं की भोकाच्या काठावर केसाएवढी भेग सुरू होते आणि शेजारच्या भोकाकडे चालत जाते. कारखान्याच्या डिस्कमध्ये भोकांच्या जागा आतल्या पात्यांचा (दोन भिंतींना जोडणाऱ्या पट्ट्या) विचार करून ठरवलेल्या असतात आणि काठ घासून उतरते केलेले असतात. बाजारातल्या बऱ्याच डिस्क म्हणजे साध्या डिस्कवर ड्रिल चालवलेलं असतं. भोकात टॉर्च मारून बघा: काही भोकं थेट पात्यावर पडून अर्धवट बुजलेली दिसली आणि काठ धारदार लागला, तर ती डिस्क ट्रॅकवर न्यायची नाही.

फक्त रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीला चांगल्या भोकांची डिस्क खुशाल लावा. वळणवाट यांच्या वापराला नाही.

---

वळणवाट

म्हणजे भोकं बाद. मग चर? चरांमुळेही ताण एकवटत असेलच ना?

---

मायक्रोमीटर_२५

एकवटतो, पण बराच कमी, कारण चर भिंतीच्या आरपार जात नाही. चराचं काम वेगळं. पॅडच्या तोंडावर तापून काचेसारखा गुळगुळीत थर धरतो, तो चराची धार खरवडत राहते आणि भुकटी, पाणी बाहेर काढते. ट्रॅकच्या पॅडसोबत पकड एकसारखी राहते ती यामुळे. बदल्यात पॅड थोडा लवकर संपतो आणि जोरात ब्रेक लावल्यावर घरघर ऐकू येते. ती दोषाची खूण नव्हे.

खरेदी करताना चर बाहेरच्या कडेपर्यंत गेलेला नाही ना ते पाहा. कडेला उघडा पडलेला चर म्हणजे भेगेला आयती सुरुवात. कडेपासून काही मिलिमीटर अलीकडे गोलाई देऊन संपलेला चर हवा. आणि चर दिसेनासा झाला की डिस्क संपली असं धरू नका, तसंच दिसतोय म्हणून शिल्लक आहे असंही नाही. निकाल मायक्रोमीटरचा. कडेपासून १०–१५ मिमी आत, गोलावर आठ ठिकाणी मोजायचं. व्हर्नियर चालत नाही, कारण बाहेरच्या न झिजलेल्या कंगोऱ्यावर त्याचे जबडे टेकतात आणि जाडी जास्त दिसते.

---

चाकाआड

चरांची दिशा कुठली? काहीजण सांगतात चर पुढे झुकलेले हवेत, काही म्हणतात मागे.

---

हवाझोत

चरांच्या दिशेने फारसा फरक पडत नाही, फरक पडतो आतल्या पात्यांच्या दिशेने. वक्र पात्यांची डिस्क म्हणजे पंखा आहे: मधून हवा ओढायची आणि बाहेरच्या कडेने फेकायची. गाडी पुढे जाताना पाती आतून बाहेर येत मागे झुकलेली हवीत. उलटी बसली तर हवा कमी फेकली जाते आणि डिस्क जास्त तापते. म्हणून वक्र पात्यांची डावी आणि उजवी डिस्क वेगवेगळी असते, पार्ट नंबरही वेगळे. दोन्हीकडे एकच नंबर आला असेल आणि पाती वक्र असतील, तर एका बाजूला ती उलटी बसणारच. बाहेरच्या कडेच्या फटीतून टॉर्च मारून पाती बघा, चरांवरून अंदाज बांधू नका. सरळ पात्यांच्या किंवा खांबांच्या डिस्कला हा प्रश्न येत नाही.

डक्ट (ब्रेककडे हवा नेणाऱ्या नळ्या) आहेत का? नसतील तर नवी डिस्क घेण्याइतकंच ते महत्त्वाचं आहे. ७५ मिमीचा उष्णता सोसणारा होस पुढच्या बंपरपासून डिस्कच्या मधल्या पोकळीपर्यंत न्यायचा. हवा पात्यांच्या तोंडाशी सोडायची, डिस्कच्या सपाट बाजूवर नव्हे. एकाच बाजूवर गार हवा मारली की दोन भिंतींच्या तापमानात फरक पडतो, डिस्क वाकडी होते आणि तापलेल्या भिंतीवर भेगा येतात. स्टिअरिंग पूर्ण वळवून होस टायरला घासत नाही ना हेही पाहा, दोन्हीकडे.

---

वळणवाट

डक्ट नाहीत, करून घेतो. दोन तुकड्यांच्या डिस्कमध्ये ३५५ × ३२ मिळते आहे. त्याच कॅलिपरवर बसवता येईल का? मोठी घेतली तर अधिक चांगलं ना?

---

मायक्रोमीटर_२५

थांबा, इथे तीन गोष्टी अडतात.

व्यास २५ मिमीने वाढला म्हणजे कॅलिपर १२.५ मिमी बाहेर न्यावा लागेल. त्यासाठी वेगळा ब्रॅकेट लागतो, आणि कॅलिपरचा पूल चाकाच्या आतल्या बाजूपासून किमान ३ मिमी दूर राहायला हवा. १८ इंची चाकात ३५५ बसतं, पण प्रत्येक चाकात नाही. चाकाचं टेम्प्लेट कापून लावून बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

जाडी ३२ केली तर कॅलिपरमधली फट पुरेल का? २८ साठी बनलेल्या कॅलिपरमध्ये ३२ ची डिस्क आणि दोन नवे पॅड बऱ्याचदा शिरतच नाहीत.

तिसरी गोष्ट ब्रेकच्या तोलाची. पॅडची उंची ५० मिमी धरली तर ३३० च्या डिस्कवर प्रभावी त्रिज्या (केंद्रापासून पॅडच्या मध्यापर्यंत) १४० मिमी, ३५५ वर १५२.५. तेवढ्याच पेडलला पुढचा टॉर्क ९ टक्के वाढतो, मागचा तिथेच राहतो. पुढची चाकं आधी लॉकच्या उंबरठ्यावर जातात, एबीएस लवकर जागं होतं आणि मागच्या टायरची पकड वापरलीच जात नाही. थांबण्याचं अंतर टायर ठरवतो. मोठी डिस्क तापमान सांभाळते, अंतर कमी करत नाही.

म्हणून याच मापात, ३३० × २८, दोन तुकड्यांची आणि जड रिंगची मिळत असेल तर ती घ्या. ब्रॅकेट नको, तोल बिघडत नाही. टोपी ॲल्युमिनियमची असल्यामुळे वाचलेलं वजन रिंगमध्ये घालता येतं. विक्रेत्याला एकूण वजन विचारू नका, नुसत्या रिंगचं विचारा. सांगता येत नसेल तर दुसरीकडे बघा.

---

बीडकाम

दोन तुकड्यांचा खरा फायदा वजनापलीकडचा आहे. ३५० मिमीच्या आसपासची डिस्क ५०० अंश तापली की व्यास साधारण १.९ मिमीने वाढतो. एकसंध डिस्कमध्ये एक भिंत गार टोपीला जखडलेली असते. तिला फुगायला जागा नाही, म्हणून सगळी रिंग छत्रीसारखी कलते. पॅड तिरका झिजतो, एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पातळ. तुमचे जुने पॅड काढाल तेव्हा आतल्या आणि बाहेरच्या कडेची जाडी मोजा. फरक ठळक निघाला आणि कॅलिपर, पिस्टन ठीक असतील, तर डिस्क कलत होती हे नक्की.

फ्लोटिंग डिस्कमध्ये रिंग टोपीशी बॉबिनने (छोट्या गोल जोडखिळ्यांनी) जोडलेली असते, त्रिज्येच्या दिशेने मोकळी. आडवा प्ले मिलिमीटरच्या अंशात असतो. रस्त्यावर खडखड नको असेल तर स्प्रिंग वॉशर असलेले बॉबिन घ्या. नुसत्या बोल्टने घट्ट आवळलेली दोन तुकड्यांची डिस्कही मिळते. ती हलकी असते, पण मोकळं फुगण्याचा फायदा तिला पूर्ण मिळत नाही. जाहिरातीत दोन्हींना एकच नाव असतं, म्हणून जोडणीचा फोटो मागवा.

रिंग संपली की टोपी तीच ठेवून रिंग बदलता येते. तेव्हा बोल्ट आणि लॉकनट नवेच वापरायचे, टॉर्क बनवणाऱ्याने दिलेलाच. बॉबिनच्या खाचा ॲल्युमिनियममध्ये खोल ठोकल्या गेल्या असतील तर टोपीही गेली.

---

चाकाआड

कार्बन सिरॅमिक कुणी काढलंच नाही.

---

तांबडी_रेघ

या वापराला नको. वजन बिडाच्या निम्म्याच्या आसपास, गंज नाही, तापल्यावर आकार टिकतो, हे सगळं खरं. पण त्याला त्याचेच पॅड लागतात, बिडाचे पॅड लावायचे नाहीत. ट्रॅकवर सतत फार तापत राहिलं तर कार्बनचे तंतू ऑक्सिजनशी जळतात आणि डिस्क जाडी न गमावता वजन गमावते. म्हणून तिच्या टोपीवर किमान वजन कोरलेलं असतं, झीज तराजूवर बघायची. चाक काढताना रिमचा धक्का बसून कडेचा टवका उडाला तर सगळी डिस्क संशयास्पद. बिडाची रिंग संपली की बदलली, इतकं ते सोपं नाही.

तापमानाचा मुद्दा निघालाच आहे तर मोजून बघा. डिस्कच्या बाहेरच्या कडेवर तापमान दाखवणाऱ्या पेंटचे तीन रंगांचे ठिपके लावायचे: हिरवा ४३० अंशांना उडतो, केशरी ५६० ला, लाल ६१० ला. सत्र संपलं की बघायचं. हिरवा पूर्ण उडालेला आणि केशरी नुकता बदलायला लागलेला असेल तर चांगल्या ट्रॅक पॅडसोबत डिस्क योग्य ठिकाणी काम करते आहे. लालही उडाला असेल तर आधी हवा वाढवा, मग जड रिंगकडे वळा. हिरवा तसाच असेल तर मोठ्या डिस्कची गरजच नाही.

---

वळणवाट

ठरलं: ३३० × २८, फ्लोटिंग, बंद टोकांचे चर, वक्र पाती, डावी-उजवी वेगळी. सोबत डक्ट आणि नवं ऑइल. बसवताना काय जपायचं? आधीच्या डिस्क काही महिन्यांत थरथरायला लागल्या होत्या, वाकल्या असं सांगण्यात आलं.

---

मायक्रोमीटर_२५

वाकल्या म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, तिची जाडी गोलभर सारखी उरलेली नसते. ०.०२ मिमीचा फरकही पेडलला जाणवतो. तो येतो दोन वाटांनी.

पहिली वाट रनआउटची. डिस्क हबवर किंचित तिरकी बसली की प्रत्येक फेऱ्यात तीच जागा पॅडला हलके घासते, ब्रेक न लावताही, आणि हजारभर किलोमीटरनंतर तिथे ती पातळ होते. म्हणून हबचं तोंड वायरब्रश आणि स्कॉचब्राइटने धातू चमकेपर्यंत साफ करा. बोल्टभोवतीचा गंज खास बघा, गंजाचा एक पापुद्रा पुरतो. डायल गेज लावून हबचा रनआउट ०.०३ च्या आत आहे का पाहा. मग डिस्क बसवून सगळे नट वॉशरसह टॉर्कवर आवळा आणि कडेपासून १० मिमी आत पुन्हा मोजा: ०.०५ च्या आत हवा. जास्त आला तर डिस्क एक बोल्ट पुढे फिरवून बसवा आणि परत मोजा. बऱ्याचदा हबचा आणि डिस्कचा दोष एकमेकांना छेद देतो. फ्लोटिंग डिस्क मोजताना रिंग एका बाजूला हलकेच दाबून धरा, नाहीतर बॉबिनचा प्लेच मोजला जाईल. चाकाचे नट इम्पॅक्ट गनने आवळू देऊ नका. टॉर्क रेंच, एकाआड एक.

दुसरी वाट पॅडच्या थराची. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून गाडी उभी ठेवली की पॅडचा ठसा तिथे बसतो. पुढे तोच भाग जास्त पकडतो आणि जास्त तापतो. सातशे अंशांच्या आसपास आणि वर गेलं की त्या डागाखालचं बीड सिमेंटाइटमध्ये बदलतं, कडक होतं. असा डाग आत खोलवर जातो, लेथवर फेस मारून वरचा थर काढला तरी थोड्या दिवसांत परत वर येतो. निळसर, आजूबाजूपेक्षा किंचित उंच डाग दिसले तर ती रिंग टाकून द्या.

---

तांबडी_रेघ

बेडिंग पॅडवाल्याच्या सूचनेप्रमाणे. ती नसेल तर: डिस्क ब्रेक क्लीनरने पुसून घ्या, रिकाम्या रस्त्यावर १०० वरून ३० किमी/तास, मध्यम दाबाने, आठ-दहा वेळा, एबीएस लागू न देता आणि मध्ये कुठेही न थांबता. नंतर दहा मिनिटं ब्रेकला शक्यतो हात न लावता चालवत राहा. पूर्ण गार होऊ द्या. डिस्कवर एकसारखी करडी-निळी झाक आली पाहिजे. पट्टे दिसले तर परत एक फेरी. हँडब्रेक गार झाल्यावरच ओढायचा, ट्रॅकवरून पिटमध्ये आल्यावरही. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला ठोकळा लावा.

---

वळणवाट

रस्त्याचे पॅड आणि ट्रॅकचे पॅड आलटून पालटून याच रिंगवर चालतील का? आणि भेगा दिसल्या तर कुठवर चालवायचं?

---

बीडकाम

दोन्ही पॅड एकाच कंपनीच्या एकाच कुळातले असतील तर बऱ्याचदा चालतं. वेगवेगळ्या कुळांतले असतील तर एकाचा थर दुसऱ्याच्या खाली राहतो, पकड डागाडागाने येते आणि थरथर सुरू होते. रिंगचा दुसरा जोड टोप्यांसकट ठेवणं सर्वात स्वच्छ. ते जमत नसेल तर पॅड बदलल्यावर जुना थर खरवडणारा गार्नेट पेपर १२० नंबरचा दोन्ही बाजूंना गोल फिरवून मारा आणि बेडिंग पुन्हा करा.

भेगांचं असं: पृष्ठभागावर केसाएवढ्या आखूड भेगांचं जाळं ट्रॅकच्या डिस्कवर येणारच, ते चालतं. नख फिरवून बघा. नख अडकलं, भेग आतल्या किंवा बाहेरच्या कडेला पोचली, किंवा दोन भेगा जुळून एक लांब झाली, की त्या क्षणी रिंग बाद, पुढचं सत्रही नको. चराच्या टोकाशी आणि आतल्या कडेला, पाती जिथे सुरू होतात तिथे, आधी बघा. तपासणी गार डिस्कवर, कडेने टॉर्च आडवी धरून, दोन्ही भिंतींची. आतली भिंत बघायला चाक काढावंच लागतं, आणि पहिली मोठी भेग बरेचदा तिथेच सापडते, कारण बाहेरच्या भिंतीइतका वारा तिला मिळत नाही.